लोहाराचं बोलणं

पाचपावलीत दुपारचे तीन.
कूलरच्या वाळ्याला पाणी पुरत नाही.
बाबांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूनंतरचा हिरवा चष्मा,
आणि मी त्यांना कादंबरी वाचून दाखवतोय
आफ्रिकेतल्या एका गावाची,
जी सोमवारी मला बी.ए.च्या पोरांना शिकवायची आहे.

डोळ्यांनी इंग्रजी पान, तोंडानं आपली बोली.
नद्यांची नावं जशीच्या तशी ठेवतो,
त्यांच्या कंदाला मात्र सुरण म्हणतो.
"सुरण खाजते. कसं खातेत बे ते लोकं?"
कुटून, बाबा. उकडून, कुटून.
"हं. वाच."

गावात एक लोहार आहे.
त्याच्या घणावर गाव जागं होतं.
त्याचा थोरला मात्र
विस्तवाकडे पाठ करून बसतो,
बायकांच्यात बसून कहाण्या ऐकतो,
कुणी मेलं की मोठ्यानं रडतो.
लोहार त्याला चारचौघांत विचारतो,
हात आहेत की पाण्यातली पानं?

बाबा खुर्चीत सरकतात.
"बरोबर बोलला."

मी पान उलटतो.
आता फरशी आहे तिथं खड्डा होता, मागाचा.
बाबांचं कमरेखालचं अर्धं आयुष्य या जमिनीत गेलं.
टसरचा ताणा, करवती काठ,
आणि धोट्याची ती खटखट
जिच्यात आईचं बोलणं त्यांना ऐकू यायचं नाही,
किंवा यायला नको असायचं.
आठवीत मी धोटा चुकीचा फेकला, अकरा तारा तुटल्या.
बाबांनी मारलं नाही.
तारा जोडल्या, एकेक,
आणि दोन वर्षं माझ्याशी
आईमार्फत बोलले.

सोमवारी मी फळ्यावर लिहीन:
परंपरा. पौरुष. वसाहत.
खाली रेघ.
गेल्या वर्षी यामिनी हेडाऊनं विचारलं होतं,
सर, हा भ्यायला की एवढा ओरडतो का?
घंटा झाली म्हणून वाचलो.

पुढं पोरगा पळतो,
बंदराच्या गावी, रेल्वेच्या कारकुनीत.
पगारातून पैसे धाडतो.
लोहार ते भट्टीच्या राखेत पुरतो.
लोक विचारतात, थोरला बरा आहे ना?
कोण थोरला, म्हणतो लोहार.

कूलरचा पंखा पत्र्याला घासतोय.
बराच वेळ तेवढंच.
मग बाबा,
"लोहाराचं बोलणं तू
माह्या आवाजात काऊन वाचून रायला बे?"

बोट ओळीवरच राहतं.
तुमचा नाही, म्हणतो,
लोहाराचा असाच असेल म्हणून.
"अन् पोराचा?"

मी मागची पानं चाळतो.
पोराला अख्ख्या कादंबरीत
सात-आठ वाक्यं आहेत फक्त.
हे माझ्या टिपणांत नाही.

कपाटावर एक लाकडी बैल आहे, तान्ह्या पोळ्याचा,
एक शिंग तुटलेला,
चाकांच्या जागी चार कांड्या, सूत गुंडाळायच्या.
माग विकला त्या वर्षी केला त्यांनी.
मी अठराचा होतो तेव्हा,
मिसरूड फुटलेलं, हातात कॉलेजचा फॉर्म.
बैल ओढत दारोदार बोजारा मागायचं वय
कधीच सरलं होतं.
कुणासाठी केला, मी विचारलं नाही.
ते टेबलावर ठेवून
अंघोळीला गेले होते.

शेवटचं पान वाचतो.
लोहार भट्टीसमोर बसलेला,
भात्याला हात लावत नाही.
एवढंच.

"पुढं?"
संपलं, बाबा.
"संपलं कसं? तो तं अजून बसून हाय."

हिरव्या काचेखालून पाणी येतंय.
येईल काही दिवस, डॉक्टर म्हणाले होते,
पुसायचं नाही.
मी बादली घेऊन उठतो,
कूलरमध्ये ओततो, जरा जास्तच हळू.

मागून आवाज,
"ते पैसे काढून घे म्हना त्याले.
राख वरून थंडी दिसते.
जळतेत नोटा."